तोतरा पंप

साकीनाका, पाइपलाइनची गल्ली, गाळा नंबर एकोणीस.
रात्रपाळी.
साच्यातून डब्याची झाकणं पडतात
दर बेचाळीस सेकंदांनी एक,
हिरवी, कोमट, कडेला जराशी वाकडी.
फारच वाकडी निघाली की वेगळ्या पिंपात.
सकाळी छेडाशेठ आधी ते पिंप बघतात,
मग आम्हाला.

साच्याच्या पोटात पाणी फिरतं.
प्लास्टिकचा ताप लोखंडाने घ्यायचा,
लोखंडाचा पाण्याने,
पाण्याचा गच्चीवरच्या टॉवरने,
आणि शेवटी सगळा ढकलायचा मुंबईच्या हवेवर,
जी माणसाचा साधा घामसुद्धा
घेता घेत नाही.

बुधवारी दोनच्या सुमाराला पंप अडखळायला लागला.
धड चालू नाही, धड बंद नाही.
धक्, मग दम. धक्, मग दम.
रबरी नळी फुगायची, बसायची,
सापाने उंदीर गिळावा तशी.
इस्माईल मुकादमला फोन लावला,
तो कुर्ल्याहून शिव्या देतच निघाला.
तोवर मशीन बंद ठेवलं तर तासाचे पैसे कापणार.
ठेवलं चालू.

आणि झाकणं सरळ पडू लागली.

पहिली तीन मी योगायोगात जमा केली.
दहावं काचेवर पालथं घातलं,
खालून कागद सरकेना.
वहीत लिहिलं: पाणी कमी. साचा सहा अंश गार.
मग लिहिलेलं खोडलं, पुन्हा मोजलं,
पुन्हा तेच लिहिलं.

इस्माईलने पेटी उघडायच्या आधी
साच्यावर पालथा हात ठेवला.
बावीस वर्षं पाइपांतला क्षार खरवडलेला हात.
म्हणाला, कुंदा, एकसारखं वाहणारं पाणी आळशी असतं.
मधलं पळतं,
कडेचं भिंतीला धरून बसतं, दुधावरच्या सायीसारखं.
साय आपण तापते
आणि मधल्या गाराला भिंतीशी येऊ देत नाही.
हा आता दचकतोय ना,
दर दचक्याला साय फाटते.

एवढं सांगून पाना काढला त्याने,
कारण बोलावलं होतं दुरुस्तीला.

मला म्हणायचं होतं, दुरुस्त करू नका.
'द' माझ्या जिभेवर कायमचा अडून बसलेला.
शाळेत हजेरीला बाई माझं नाव गाळायच्या,
'हजर' यायला वेळ लागतो म्हणून.
बघायला आले तेव्हा मामीने बजावलेलं,
तू नुसती मान हलव.
द, म्हटलं मी. द.
पंप म्हणाला, धक्.
इस्माईल पाना धरून उभा,
आधी कोणाचं पुरं होतंय बघत.
त्याने माझं वाक्य पुरं केलं नाही.
बाकी सगळे करतात.

पुढचा आठवडा आम्ही दोघं खेळलो.
भंगारातून त्याने एक झडप आणली, विजेवर उघडझाप करणारी.
फार घाईने उघडली
तर पाणी जागच्या जागी नुसतं थरथरायचं.
फार उशिरा उघडली
तर दोन ठोक्यांच्या मध्ये साय पुन्हा धरायची.
दीड सेकंदाला एक, तिथे बसलं.
हिरव्या झाकणांपुरतं. लाल बरण्यांना हा आकडा
अजिबात चालला नाही, उलट बिघडलं,
का ते अजून कळलेलं नाही.

शनिवारी शेठनी बोलावलं.
नवा पंप सांगितलाय म्हणाले, हा आवाज
गिऱ्हाइकाला बरा वाटत नाही.
आणि ते झडपेचं काय ते सांग.

मी सांगितलं.
अकरा मिनिटं लागली, भिंतीवर घड्याळ होतं.
शेठनी त्याकडे दोनदा पाहिलं.
मधल्या मधल्या गप्पेत
बाहेरचा पंखा, मशीन, पडणारं झाकण ऐकू यायचं,
बेचाळीस नाही, पस्तीस सेकंदांनी.
तेही मोजत असावेत.
बशीतला चहा त्यांनी शेवटी
फुंकर न घालताच प्यायला.