नाव ठेवण्याआधीचा वारा

शिडी टेकवली तेव्हा एल्डा ट्राहान खालून म्हणाली,
"जपून. तिसरी पायरी माझ्या नवऱ्यानं बसवलीय,
आणि तो सुतार नव्हता."

मी विम्याचा माणूस.
छपरावर खडूनं दहा बाय दहाचा चौकोन आखतो,
उडालेल्या कौलपट्ट्या मोजतो, दुमडलेल्या वेगळ्या,
खिळा उपटला तिथल्या भोकात बोट घालून बघतो.
दक्षिण उतारावर बेचाळीस. पश्चिमेला एकोणीस.
वरून लुइझियानाची दलदल दिसते,
गवत अजून एकाच अंगावर निजलेलं,
आणि विजेच्या तारेवर कुणाची तरी उशी.

वाऱ्यानंच गेलं, यात वाद नाही.
पाणी यंदा अंगणापर्यंतही आलं नाही.
वाद आहे नावाचा.

करारात, पान चौदा:
वादळाचं बारसं झालेलं असेल
तर वजावट घराच्या किमतीच्या पाच टक्के.
बिननावाच्या वाऱ्याला सरसकट हजार डॉलर.
घर एक लाख ऐंशी हजाराचं.
नवीन छप्पर अकरा हजार चारशे.
वजाबाकी तिनं माझ्याआधी केली होती,
औषधाच्या पावतीच्या पाठीवर, दोन्ही तऱ्हांनी.
एकीखाली रेघ मारली होती.
दुसरीखाली काहीच नाही.

"बारसं किती वाजता झालं म्हणता?"
सकाळी सातला, हवामान खात्याच्या पत्रकात.
"आणि नाव तरी काय शोधलं! माझ्या नणंदेचं.
सतरा वर्षं बोललो नाही आम्ही.
पण माझं छप्पर चार दहाला गेलं.
तेव्हा तो नुसता वारा होता, साहेब.
पोटातल्या पोराला कुणी नावानं हाक मारतं का?"

मी म्हणालो, पुरावा लागतो.
तिनं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं,
कोंबड्यांच्या दाण्याच्या दुकानातलं, फुकट मिळालेलं.
त्या तारखेच्या चौकटीत, तिरप्या अक्षरात:
४.१० छप्पर. कोंबड्या न्हाणीघरात. वीज नाही. अंडी ५.

हातानं लिहिलेलं कंपनी मानत नाही.
नंतरही लिहिता येतं, असं आम्हाला शिकवलेलं आहे.
मी फोटो काढला, आणि उगाच
मागची पानं चाळली. ऑगस्ट. जून. अंडी, अंडी,
गॅसची टाकी, मांजर परत आलं.
फेब्रुवारीच्या एका चौकटीत:
अंडी ७. क्लोव्हिस गेला, ६.२५. थंडी.
तेच पेन. अक्षर तेवढंच तिरपं.

ती तोवर चुलीशी उभी राहून
कॉफी गाळत होती, थेंब थेंब,
माझ्याकडे पाठ करून.

मी कॅलेंडर खिळ्यावर नीट अडकवलं,
चालू महिना वर.

गाडीत बसून फॉर्म उघडला.
नुकसानीचं कारण: वारा.
वादळाचं नाव: हा रकाना
रिकामा ठेवला तर लाल होतो
आणि पुढचं पान उघडत नाही.
दोनदा रिकामा ठेवला. दोनदा लाल झाला.
बावीस वर्षांत कित्येक घरांवर मी हे नाव,
ते नाव, डोळे मिटून टाकत आलोय,
लोक वाऱ्याला नावं ठेवतात, मला ठेवतात,
आणि पैसे वजा होतात.
तिसऱ्यांदा लिहिलं: अजून ठेवलेलं नव्हतं.
पान उघडलं.
वर बसलेला कुणी ते वाचेल, खोडेल,
किंवा जेवायच्या सुट्टीआधीची घाई असेल तर
सोडूनही देईल. मला कळवणार नाहीत.

निघताना तिनं अंडी पुढे केली होती, कागदात बांधून.
आम्हाला घ्यायची परवानगी नाही.
"मग करार कशाला वाचता एवढा," म्हणाली,
आणि पुडकं परत आत नेलं.

गाडी वळवताना खिडकीतून दिसलं:
ती कॅलेंडरपाशी उभी,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून
माझी वेळ लिहीत होती.