आडवी रेघ नसलेला ए

तोलुकाच्या बस अड्ड्यामागे आमचा छापखाना.
लाकडी टाइप: जाड, उंच, अंग चोरून उभे,
पन्नास वर्षं शाई पिऊन पोटाशी झिजलेले.
छापलं की मधूनमधून कागद डोकावतो,
विरलेल्या बनियनमधून पाठ दिसावी तसा.

आर दोन. एकाचा पाय उंदराने कुरतडलेला.
ए तीनच. चौथा लागला
की वडील व्ही उलटा लावायचे,
म्हणायचे, "लांबून कोण बघतंय?"

ला बारांका. त्या पैलवानाला चार लागत.
अठरा वर्षं, दर शुक्रवारी, भिंतीभिंतीवर
त्याचं नाव शेवटच्या अक्षराला
कमरेचा पट्टा न बांधता उभं राहिलं.
मुखवटा मात्र कुणाला काढता आला नाही.

परवा एक म्हातारा आला.
कान चुरगळलेले, मान आखडलेली.
नातीच्या बाप्तिस्म्याचं पोस्टर हवं होतं,
मांडवाला लावायला, मोठ्या अक्षरांत.
भाव ऐकून कुरकुरला.
मग न विचारता खण ओढला,
नेमका तो व्ही काढला,
उलटा केला,
आणि जिथे रेघ नाही
तिथून अंगठा फिरवला, सावकाश.

मी रॉकेलचं फडकं शोधू लागले.
हातातच होतं.

"नाव काय घालू?"
"सोकोर्रो."
खण त्यानेच लावला.
"ए नाही त्यात एकही.
आर मात्र
दोन्ही लागतील."