खोल

शेवटच्या पानाला इथे नदी म्हणतात,
आणि टेबल तर नदीवरच आहे :
मांडवीत नांगरलेलं, गालिचा अंथरलेलं.
भरती वळली की पेल्यातलं पाणी
केसभर कलतं. कुणाच्या लक्षात येत नाही.
मला येतं. लक्ष ठेवण्याचेच पैसे मिळतात मला.

आधारकार्डावर बांदा, खोली रायबंदरला.
खोलीत एक गादी, एक वही.
वहीत तारखा, तास, आकडे, आणि माणसं :
चष्मा, हुबळी – थाप मारताना पाणी पितो.
टाइल्सवाला – हरला की बायकोला फोन.
मगदूम, निपाणी – सगळं बघतो. याला थाप मारू नये.

या शेवटच्या चार शब्दांखाली तीन रेघा आहेत.
तेवढंच शिकायला
दोन वर्षं लागली आणि बहिणीच्या पाटल्या.

चळत जितकी उंच
तितकी तिला खोल म्हणतात.
आज माझ्यापुढे चार लाख, त्यांच्यापुढे पाच.
एवढ्या पाण्यात घाई करणारा बुडतो.
मी पानं टाकतो. राणी-नव्वी टाकतो,
एक्का-छक्की टाकतो, दीड वाजतो,
गुलाम-तिर्री टाकतो,
वाल सोलत बसलेल्या बाईसारखा
समोर ढीग नुसत्या सालांचा.

मगदूम काहीच टाकत नाहीत.
तंबाखूची वखार, दोन जावई, गुडघ्याला पट्टा;
दुर्री-पंजी आली तरी त्यांना वाटतं
दारात आलेल्या पाहुण्याला परत कसं पाठवायचं.
"बघू तर," म्हणतात आणि चिप्स सरकवतात
विड्याला चुना लावावा तशा, बोटाच्या टोकानं.

कोपऱ्यातली पोरं त्यांना मासा म्हणतात.
मी म्हणत नाही.
माझ्या आजोबांचं जाळं तेरेखोलच्या पाण्यात असायचं.
सुटलेला मासा पुढच्या शनिवारी
पेढ्यांचा पुडा घेऊन परत आला,
असं त्यांनी कधी सांगितलं नाही.

पावणेतीनला मला दोन सत्त्या आल्या.
पानं वाटणारी लालरुआती, ऐझॉलची,
तिच्या चेहऱ्यावरून वारसुद्धा कळत नाही.
तिनं तीन पानं उलटली : दश्शी, सत्ती, दुर्री.
श्वास होता तिथेच ठेवला मी.
वीस हजार. "बघू तर."
चौथा एक्का. मगदुमांचा चेहरा
मांडव घातलेल्या घरासारखा उजळला.
पासष्ट हजार. "बघू तर."
मग नदी : किलवरची चौकी, कुणाच्याच कामाची नाही.
मी उरलेलं सगळं पुढे सारलं.

पहिल्यांदाच त्यांनी पानांकडे न बघता
माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.
मी पेल्यातल्या पाण्याकडे बघत होतो.
"बघू तर."

एक्का-दश्शी. दोन जोड्या. माझ्या तीन सत्त्या.
ते हसले, "वा!" म्हणाले,
आणि हजाराची एक चिप लालरुआतीला दिली.
हरलेल्या माणसानं! मी जिंकून दोनशे दिले होते.

पाचच्या लाँचमध्ये ते शेजारीच बसले,
पट्टा सैल करून, पाय लांब करून.
बेतीच्या बाजूला दिवे विझत होते.
"सत्त्याच असणार, मला वाटलं होतं."
"मग टाकायची होती पानं."
"आणि घरी जाऊन काय करू? रात्रभर वाटत बसू?"

मी खिशावरून हात काढला नाही.
त्यांनी कठड्यावरून वाकून खाली बघितलं.
"इथं पाणी किती खोल असेल हो?"

चार वर्षं. वहीत तीनशे बारा माणसं,
प्रत्येकाची खोली हजारापर्यंत ठाऊक.
मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

लाँचवाल्या पोरानं धक्क्यावर दोर फेकला.
"आता कमीच," तो म्हणाला, "ओहोट आहे."