कर्मणी प्रयोग

आरोपी क्रमांक एक, कंपनी.
क्रमांक दोन, संचालक. वैद्यकीय दाखल्यावर गैरहजर.
क्रमांक तीन, ओमाण्णा भरमाण्णा कुद्रेमनीकर,
रात्रपाळी, रंगखातं, वडगाव,
माझ्यासमोर बाकावर, चपला दाराबाहेर काढून.

चपला घाला, म्हटलं. हे देऊळ नव्हे.
तो नुसता हसला.
पायाची दहाही नखं निळी.

"वकीलबाई, वॉल्व मी सोडलो.
सोड म्हणलं, सोडलो. तीन वर्सं रोज सोडतो की."

मी पेन खाली ठेवलं.
असं म्हणायचं नाही, ओमाण्णा.
"मग कसं म्हणू?"
पाणी सोडलं गेलं, असं म्हणा.
"कुणाकडनं?"
ते वाक्यात येत नाही.

पुण्याच्या व्याकरणात मी पाणी सोडलं
तर क्रियापद पाण्याच्या मागून चालतं,
माणूस राहतो जरा आडोशाला.
आमच्या बेळगावात मात्र मी पाणी सोडलो,
मी भात खाल्लो, मी सही केलो:
करणारा शेवटच्या अक्षराला चिकटलेला,
पक्क्या रंगासारखा, धुऊन न जाणारा.
या 'लो'साठी शाळेत बाईंनी मला छडी मारली होती.
आता छडी माझ्या हातात.

जबाब कन्नडमध्ये. नीरु बिट्टे.
तिथेही करणारा क्रियापदातच बसलेला.
सत्तर वर्षं दोन भाषांचं भांडण चाललंय या गावात,
एवढ्या एका गोष्टीवर दोघींचं जमलं
आणि तेच माझ्या अशिलाच्या मुळावर आलं.

मग मी व्याकरण सोडलं, बाटली धरली.
नमुन्याचे दोन भाग, दोन बाटल्या,
दोन्हींवर सील, सीलवर सह्या.
दुसरीवर लाख होती. सही नव्हती.
उलटतपासात अधिकारी, सज्जन माणूस, घामाघूम,
म्हणाला, टॉर्च विझला होता,
अंधारात एकाच बाटलीवर दोनदा सही झाली असेल.
असेल? मी म्हटलं. की आहे?
टेबलावर ती बाटली उभी:
वर नितळ पाणी,
तळाला बोटभर जांभळं.
तिच्याकडे आम्ही कुणीच पाहत नव्हतो,
आम्ही झाकण पाहत होतो.

शेवटी साहेबांनी त्यालाच विचारलं,
तुम्हाला काही सांगायचं आहे?
महिनाभर घोकून घेतलं होतं.
सोडलं गेलं. सोडलं गेलं.
तो उठला, पुन्हा अनवाणी.

"नाल्याखाली माझ्या मेव्हण्याचं शेत हाय साहेब.
लोंबी येतीय, दाणा भरंना.
तेच्या म्होरं मी जाईना झालोय.
सोडलो मी."

टायपिंग थांबलं.
दुभाष्यानं माझ्याकडे पाहिलं,
जणू या वाक्याचं भाषांतर करायला
माझी परवानगी लागणार होती.

निकाल सीलवर लागला.
एक, दोन, तीन, सगळे निर्दोष.
संचालकांचा चेक त्याच संध्याकाळी आला,
तब्येत सुधारली असावी.

ओमाण्णा पायऱ्यांवर चपला शोधत होता.
"म्हणजे मी केलो नाही, असं झालं काय?"
तसं नाही. सिद्ध झालं नाही.
"सिद्ध तर मीच केलो की. उभा राहून."

घरी आईनं विचारलं, काय झालं ग?
सुटलो, म्हटलं.
कोण, ते तिनं विचारलं नाही.
आमच्यात बायकाही असंच बोलतात,
एकटी असली काय, सगळे असले काय.

कोट स्वस्तातला, भिजत घातला.
बादलीत काळं उतरलं.
मोरीशी हात थांबला एकदा.
मग ओतलो.