माल मिळाला, सुस्थितीत

सूक्ष्मदर्शक, नग तीन.
वेफर तपासणीसाठी. तबक आठ इंची.
काळ्या पार्श्वभूमीवर तिरपा उजेड टाकणारे.
हे टंकताना मला वाटलं होतं
वेफर म्हणजे केळ्याचे,
शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मिळतात ते.
हसू नका. साहेबांनाही तेच वाटलं होतं,
ते बोलले नाहीत इतकंच.

फाइल पर्वरीला गेली, तिथे चवथ करून आली.
मराठी पेपरातल्या जाहिरातीत
'कंपनमुक्त टेबल'चं 'कंपनीमुक्त टेबल' झालं.
शुद्धिपत्रक निघेपर्यंत दोघांनी विचारून घेतलं,
मग आम्ही निविदा भरायची की नाही?
तिसरा, बेळगावचा कुणी हुक्केरी,
कागद चढवताना एक मिनिट चुकला.
फोनवर नुसतं, एक मिनिट हो बाई, एकच मिनिट.
मी म्हटलं, अर्ध्या मायक्रॉनची चूक धरणारं यंत्र घेतोय आम्ही,
मिनिट म्हणजे फार झालं.
ऑफिस हसलं.
रात्री मला झोप लागली नाही.

मग जमीन मोजायला पुण्याहून एक मुलगा आला.
फरशीवर डबी ठेवून उकिडवा बसला, आकडे बघत.
बाहेर डिचोलीच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक,
एकामागून एक, ताडपत्री फडफडवत.
तुमची जमीन थांबतच नाही हो, तो म्हणाला.
मी त्याला चहा दिला.
खाणी बंद होत्या त्या वर्षांत यायला हवं होतंस, बाबा.
आमचे दोन ट्रक परसात उभे होते,
एकाच्या हौद्यात पपईचं झाड आलं होतं,
आणि घरातला माणूस दिवसभर पायरीवर बसून असायचा.
इतकी निश्चल जमीन
तुला कुठे मिळाली नसती.

हे सगळं बोलले नाही.
जागा बदलली. मागची खोली, डोंगराकडची.

खोकी आली. प्रत्येकावर एक बिल्ला,
वाटेत कलंडलं तर लाल होणारा.
तिन्ही पांढरे. मी दोनदा बघितले.
आत जाताना टोपी, झगा, पायांत पिशव्या.
केसांतली अबोली काढून ठेवा, बाय,
नव्या बॅचची फ्लाविया म्हणाली, पावडरही पुसा.
मग खुर्ची ओढून दिली. बघा ना तुम्ही पण,
तीन वर्षं तुम्हीच तर कागद केले.

डोळा लावला.
वाफे.
आगरवाड्याच्या मिठागराचे वाफे, बांधासकट,
ओळीने, कोपरा कोपऱ्याला जुळवून,
कुणीतरी आत्ताच पाणी घेऊन मानस लावल्यासारखे.
बाबा उन्हं कलली की बांधावर ओणवे होत,
गाल पाण्याला टेकेल इतके खाली,
आणि तिथून मीठ बघत.
वरून सगळं पांढरंच दिसतं, म्हणत,
घाण बघायची तर उजेड आडवा हवा.
त्यांची कधी तांत्रिक छाननी झाली नाही.
मीठ पायलीने गेलं, पाऊस लागायच्या आत.

एका वाफ्यात एक ठिणगी होती.
ही बघा धूळ, फ्लाविया म्हणाली,
यंत्रात दोष नाही, बाहेरून आलीय.
कुठून, ते तिला कळेना.
माझ्या झग्याखाली साडीची कड तांबूस होती,
डिचोलीत सगळ्यांचीच असते.

सही केली.
माल मिळाला, सुस्थितीत.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं
ते सुचेना, एक आडवी रेघ ओढली.

हमी संपेपर्यंत रिकामी खोकी टाकायची नाहीत, असा नियम आहे.
जिन्याखाली रचून ठेवलीत.
मधल्यात मांजर व्यालीय,
चार पिल्लं, एक अगदीच बारीक.
साठा-नोंदवहीत अजून
घेतलेली नाहीत.