मिरीएवढं भोक

वेंगुर्ल्यात इनास मेस्त्रीने फडक्यावर मांडल्या
तीन चकत्या. एकीला मोहरीएवढं भोक,
एकीला मिरीएवढं, तिसरीला चक्क वाटाण्याएवढं.

लिव्हरची रायफल वडिलांच्या वेळची,
डोळे माझे, एकसष्ट वर्षांचे:
खाच धरली की माशी विरघळते,
माशी धरली की डुक्कर नुसतं सावट.

मोहरीतून खाडी लख्ख,
होडीवरचा बगळासुद्धा.
पण डुकरं शिरतात दिवेलागणीनंतर,
कणगरांच्या वाफ्यात.

"भोकाकडे बघू नको, भोकातसून बघ,"
इनास म्हणाला.
मिरी घेतली.

घरी शेवंतीने चकती उचलली,
चष्म्याशिवाय डोळ्याला लावली,
आणि परवान्यावरची बारीक अक्षरं
गडगडा वाचत गेली,
थांबली.
"मुदत मार्चातच संपली हा."