मानशीवरची हाक

शाणूकाका फळी उचलण्याआधी तीनदा हाक घालायचा,
"सकल कोण आसा रे?"
खाली कोण आहे.
पहिली हाक खाजनाकडे, दुसरी नदीकडे,
तिसरी नुसतीच, सवयीची.
मग मानशीचं दार करकरायचं
आणि अडवलेलं पाणी सुटायचं.
चोडणात त्या हाकेवर बायका चुलीवरचं भांडं उतरवायच्या,
पियेदाद कोंबड्यांचं खुराडं लावून घ्यायची.

त्या रात्री हाक आली नाही.

रोयू नऊ वर्षांचा, माझ्याहून दोनांनी लहान.
कुर्ल्यांसाठी उतरला होता टॉर्च घेऊन,
कोणाला न सांगता. म्हणजे मला सांगून.
पहाटे इनासला तो मानशीच्या जाळ्यातच मिळाला.
टॉर्च अजून पेटलेली होती, असं लोक सांगतात.
पेटलेली नव्हती. मी पाहिली आहे.
काचेत चिखल होता.

भौंसाची बैठक देवळाच्या मंडपात.
हाक कोणी ऐकली?
कोणीच नाही.
म्हणजे शाणूने हाक न घालताच फळी काढली.
पाटीवरच्या बेरजेइतकं सरळ होतं ते,
हातचा कोणी धरलाच नाही.

मग सातेरीला कौल लावला.
भटजींनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं,
दोष असेल तर उजवी दे.
अख्खा गाव एका लाल पाकळीकडे बघत होता,
काका सोडून. काका आप्पांकडे बघत होता.
आप्पा स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे.
मंडपात पंखा चालू होता.
उजवी पडली.

काका एक ट्रंक घेऊन फेरीत चढला.
रायबंदर येईपर्यंत मागे वळला नाही, म्हणतात,
हेही लोकच म्हणतात.
आईने त्याचं ताट वेगळं ठेवलं,
मग पालथं ठेवलं,
मग भंगारवाल्याला दिलं.
सावर्ड्याच्या खाणीवर तो ट्रक मोजत राहिला,
आणि मेला तेव्हा बाराव्याला आमच्यातलं कोणी नव्हतं.

आता भौंसाची वही माझ्याकडे असते.
जुन्या वह्या वाळवीने खाल्ल्या,
नेमकं ते पान शाबूत.
पाळीच्या रकान्यात शाणू, शाणू, शाणू,
मग अमावास्या, आणि आप्पांचं नाव
आप्पांच्याच अक्षरात, शाईचा एक थेंब सांडलेला.
खाली पुन्हा शाणू.
काकाला त्या दिवशी ताप होता.
पेजेचं वाटगं मीच नेऊन दिलं होतं संध्याकाळी,
वर आंब्याच्या लोणच्याची फोड, आईने ठेवलेली.
म्हणजे आईला माहीत होतं.
म्हणजे मलाही.

आप्पा घरातसुद्धा कोणाला हाक मारत नसत.
पाणी हवं असलं तर तांब्या वाजवायचे.

परवा मानशीकार आला नाही, मीच गेले बांधावर.
ओहोटी लागली होती, चिखलात बगळे उतरलेले.
फळीला हात लावला
आणि तोंडातून काकाची हाक निघाली.
एक खाजनाकडे.
एक नदीकडे.
तिसरी बाहेर पडायच्या आत
आमच्या सोप्यावरून,
जिथे आप्पा दिवसभर बसतात, माझंही नाव विसरून,
उत्तर आलं. स्पष्ट. इतकं मोठ्याने
मी त्यांना आयुष्यात बोलताना ऐकलं नव्हतं.
"आसा गो. सकल पोर आसा. राव मगे."

फळीमागे पाणी रेटत होतं.
मी राहिले उभी.
भरती उलटून येईस्तोवर उभी राहिले.
खाचरांत पाणी चढलं, गोकुळदासचा तरवा बुडाला,
उद्या बैठकीत विचारतील
पाळी कोणाची होती.